शेपटीच्या क्रियापदांची वही

इंग्रजी भाषेवर माझा राग आहे तो तिच्या शेपट्यांमुळे. एक साधं गरीब क्रियापद घ्यायचं, ‘गिव्ह’ म्हणजे देणं, आणि त्याला मागून एक शेपटी चिकटवायची, की ते देणंबिणं विसरून भलतंच काही करायला लागतं. ‘गिव्ह अप’ म्हटलं की सोडून देणं. ‘गिव्ह इन’ म्हटलं की समोरच्यापुढे नमणं. ‘गिव्ह अवे’ म्हटलं की कुणाचं गुपित फोडणं, कुणाला उघडं पाडणं. आमच्या मराठीत सोडणं वेगळं, नमणं वेगळं, फोडणं वेगळं. ज्याला त्याला स्वतःचं तोंड आहे. इंग्रजांनी एकाच गड्याला तीन टोप्या घालून तीन कामाला जुंपलंय. या टोप्यांनी माझी मॅट्रिकची दोन वर्षं खाल्ली, आणि त्याच वर्षांत माझ्या हातून जे झालं त्याचा धसका अजून गेलेला नाही.

आम्ही काळाचौकीच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, दादा त्याच गिरणीत बदली कामगार, आणि आई गावाकडच्या एकट्या राहणाऱ्या माणसांची खाणावळ चालवायची. मूळ आम्ही मालवणकडचे. मला मॅट्रिक होऊन टेलिफोनवर बसायचं होतं. कानाला ते काळं यंत्र लावून ‘नंबर प्लीज’ म्हणणारी बाई मी एकदा वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिली होती आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं. पण त्यासाठी इंग्रजी हवं. आणि आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी सुरू व्हायचं आठवीला, तेही घाबरत घाबरत.

आमच्या मुख्याध्यापिकांनी त्यावर उपाय काढला. त्यांना ज्या बाईंनी इंग्रजी शिकवलं होतं त्या आता निवृत्त होऊन गिरगावातल्या एका वाडीत राहत होत्या. दर रविवारी सकाळी आम्ही सहा मुली ट्रामने त्यांच्याकडे जाऊ लागलो. बाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, थोरला भाऊ कचेरीत. घरात शिसवी टेबल, भिंतीवर चौकटीतले पागोटेवाले पूर्वज आणि बोलणं असं स्वच्छ की आमच्या तोंडून ‘कुठे’च्या जागी ‘खंय’ निसटलं तर कानकोंडं व्हायला व्हायचं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. आई माझ्याबरोबर कधी आमसुलं तर कधी सुक्या जवळ्याची पुडी द्यायची. बाई “कशाला गं हे” म्हणायच्या आणि म्हणता म्हणता पुडी हुंगायच्या.

शिकवण्याची त्यांची एकच अट होती. वाक्य खरं पाहिजे. गाइडातलं वाक्य त्यांच्याकडे चालायचं नाही.

“राजाशी तुझी ओळख आहे का?” मी गाइडातून उतरवलेलं राजाचं वाक्य ऐकून त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

“नाही बाई.”

“मग तो तुझ्या वहीत काय करतोय? तुझ्या घरात, तुझ्या चाळीत जे झालं तेच लिहायचं. दोन शब्दांतला फरक खोट्या वाक्याने परीक्षेपर्यंत राहतो. खऱ्या वाक्याने मरेपर्यंत.”

तर आम्ही आपापली घरं इंग्रजीत लिहायला लागलो. शेजारच्या खोलीतल्या मुलीचं लग्न हरताळामुळे पुढे ढकललं, ते ‘पुट ऑफ’. मागच्या चाळीतल्या मुलीचं लग्न मोडलंच, ते ‘कॉल ऑफ’. मी दोन्हींची अदलाबदल केली. बाई म्हणाल्या, “अगं, ती बिचारी अजून वाट बघतेय. निदान तुझ्या वहीत तरी तिचं लग्न मोडू नकोस.” अचानक गाठ पडणं म्हणजे ‘रन इंटू’ आणि गाडीखाली घेणं म्हणजे ‘रन ओव्हर’, हे मी पाठ केलं होतं, तरी लिहिताना लालबागच्या बाजारात मामीला गाडीखाली घेतलं. पुढे वर्षभर बाई मला विचारायच्या, “मामी कशी आहे? बरी आहे ना आता?”

‘गिव्ह’ची तीन वाक्यं हवी होती. पहिलं सोपं होतं: वडिलांनी विडी सोडली होती. दुसरंही होतं: जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, त्यांना वर्षभर छळत होता, पण ते त्याच्यापुढे नमले नव्हते. तिसऱ्याला मी अडले. गुपित फोडलं, कुणाला उघडं पाडलं, असं आमच्या घरात कुणी केलेलंच नव्हतं.

“मग ओळ कोरी ठेव,” बाई म्हणाल्या. “उगाच कुणावर आळ घेऊ नकोस.”

ती ओळ कोरी राहिली.

वह्या रविवारी ठेवून यायच्या आणि पुढच्या रविवारी लाल पेन्सिलीने तपासलेल्या परत मिळायच्या, खाली बारीक अक्षरात तारीख. वर्गात बाई स्वतः कधी वाचायच्या नाहीत. आम्हाला वाचायला लावायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. मला ती त्यांची ऐट वाटायची. त्यांच्या भावाला आम्ही काका म्हणायचो. काळा कोट, काळी टोपी, कुठल्याशा सरकारी कचेरीत नोकरी. आमच्या चपलांच्या ढिगाकडे बघून ते मान हलवायचे आणि आत निघून जायचे. त्यांच्याबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक होतं.

आणि मग ती वर्षं आली. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ हे शब्द आमच्या चाळीत पाण्याच्या नळावरसुद्धा ऐकू यायचे. दादा आमच्या घरातला सगळ्यात गप्प माणूस. जेवायला बसला की डाळ संपली हेही तोंडाने सांगायचा नाही, वाटी पुढे सरकवायचा. तो माणूस मोर्च्याच्या पुढे उभा राहून घोषणा देतो हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी थक्क झाले. मग ते गोळीबाराचे दिवस आले. रस्त्यात माणसं पडली. आमच्याच जिन्यातला एक जण दूध आणायला गेला तो आला नाही. दोन दिवस चाळीत कुणी मोठ्याने बोललं नाही, आणि तिसऱ्या दिवशी पोलीस यादी घेऊन आले. यादीत दादाचं नाव होतं. दादा तेव्हा घरी नव्हता.

तो चिंचपोकळीला होता, आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत. अशा खोल्या गिरणगावात गावोगावच्या होत्या. एका खोलीत तीस-तीस माणसं, एका पाळीची उठून कामाला गेली की दुसऱ्या पाळीची येऊन त्याच चटयांवर आडवी व्हायची. भिंतीला लावून पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर कपडे, आणि कोण आलं कोण गेलं याचा हिशेब देवालाही लागू नये. असल्या खोलीत एकतिसावा माणूस दिसत नाही. तिथे त्याला ठेवायचं आईनेच ठरवलं होतं. जेवण खाणावळीच्या डब्यांबरोबर जायचं.

आईने मला पदराशी धरून बजावलं, “तोंडातसून अक्षर भायर काढलंस तर याद राख.”

तोंडातून मी काढलं नाही. पण सोळा वर्षांच्या पोरीच्या पोटात एवढं मोठं राहणार कसं? मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही कुणाला सांगायची सोय नव्हती. त्या आठवड्याची जोडी होती ‘लुक फॉर’ आणि ‘लुक आफ्टर’. शोधणं आणि सांभाळणं. बाईंना खरं वाक्य हवं होतं. माझ्याकडे त्या घटकेला दुसरं खरं काही नव्हतंच.

मी लिहिलं. पोलीस माझ्या भावाला शोधत आहेत. आमच्या गावची माणसं त्याला चिंचपोकळीच्या खोलीत सांभाळत आहेत.

हा मूर्खपणा आज सांगताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा आलं नाही. कारण आमच्या चाळीत इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. तार आली की लोक माझ्याकडे यायचे, आणि मी ‘सिरियस’ आणि ‘स्टार्ट’ हे दोन शब्द ओळखले की पुढचं सांगायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. वडील माझी वही हातात घ्यायचे ती उलटी. तेव्हा माझ्या लेखी इंग्रजीत लिहिणं म्हणजे ट्रंकेला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचणं होतं. मराठीत मी ते वाक्य स्वप्नातही लिहिलं नसतं.

रविवारी वही बाईंकडे ठेवून आले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हरताळ, ट्रामा बंद, दगड, संचारबंदी. तीन आठवडे वर्ग भरला नाही.

तिसऱ्या रविवारी ट्रामा चालू झाल्याचं कळलं आणि परीक्षा तोंडावर आलेली म्हणून मी एकटीच निघाले. लवकर पोचले. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत शिसवी टेबलाशी काका बसले होते. अंगात कोट नव्हता, नुसता सदरा. त्यांच्या डाव्या हाताला आमच्या सहा वह्यांची चळत होती. उजव्या हाताला पत्रकांचा गठ्ठा होता, आणि सगळ्यात वरचं पत्रक मी ओळखलं. तेच आमच्या जिन्यात चिकटवलेलं होतं. मोठ्या ठशात ‘झालाच पाहिजे’. मधे कोऱ्या कागदावर काका इंग्रजीत काही लिहीत होते. दौतीपाशी लाल पेन्सिल पडली होती.

“बाई कुठे आहेत?” मी विचारलं.

“आत. डोळ्यांत औषध घालून पडलीय. मोतीबिंदू आहे तिला. दोन वर्षं झाली, अक्षर दिसत नाही.” मग माझं तोंड बघून म्हणाले, “तुम्हाला सांगितलं नव्हतं का तिने? वह्या मीच तपासतो.”

मला एकदम काही कळलं नाही. माझी नजर त्या पत्रकावर होती.

“आणि हे काय करताय काका?”

“हे? ही नोकरी. मी भाषांतरकार आहे. कचेरी तुंबली म्हणून शिपाई कागद घरी टाकून गेला.” ते अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसे बोलत होते. “ही पत्रकं, सभेतली भाषणं, धरलेल्या माणसांच्या खिशातल्या चिठ्ठ्या, सगळं मराठीत. वरच्या साहेबाला मराठी येत नाही. मी इंग्रजी करून दिलं की तो वाचतो, आणि मग कुणाला कुठे पाठवायचं ते सांगतो.”

मी टेबलाची कड धरली हे मला नंतर आठवलं. सबंध चाळीत एकाला वाचता येत नाही म्हणून ज्या भाषेत मी दादाला लपवला होता, ती सरकारची भाषा होती. मराठीतला कागद सरकारला कळायला एक माणूस मधे बसवावा लागत होता, पगार देऊन. आणि मी अकलेचा खंदक, सगळं आयतं इंग्रजीत लिहून, वर चूक असेल तर सुधारा म्हणून, त्याच माणसाच्या टेबलावर ठेवून आले होते. गेले तीन आठवडे ती वही तिथे होती. गेली दोन वर्षं आमच्या सहा घरांतलं सगळं तिथे येत होतं.

काकांनी चळतीतून माझी वही काढली आणि माझ्यापुढे धरली. सोडली मात्र नाही.

“‘लुक फॉर’ आणि ‘लुक आफ्टर’ तुला कळलेत,” ते म्हणाले. “एखादा शब्द राहतो, एखाद्याची जागा चुकते, तेवढंच. पण एक लक्षात ठेव, पोरी. वाक्य पूर्ण व्हायला ठिकाणाचं नाव लागत नाही.”

मी वहीला हात घातला.

“आणि हे तू सरळ साहेबाच्याच भाषेत लिहिलंयस. याला माझीसुद्धा गरज नाही.”

मला ती धमकी वाटली. एवढ्या शांतपणे माणूस धमकीच देतो, असं मला वाटलं. मी वही हिसकावली, आतून बाईंचा “कोण आलंय?” असा आवाज आला तरी थांबले नाही, आणि धडाधडा जिना उतरले. ट्रामसाठीसुद्धा थांबले नाही. गिरगावापासून काळाचौकीपर्यंत चालत, मधे मधे धावत आले. वही काखेत गच्च धरली होती. वाटेत एकदाही ती उघडून पाहिली नाही.

आई चुलीपुढे होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिने आधी ऐकून घेतलं, मग उलथनं खाली ठेवलं आणि माझ्या थोबाडीत मारली. तिने मला मारल्याचं हे पहिलंच.

“ह्या काय करून ठेवलंस गो चेडवा!” ती म्हणाली, आणि मग तिचेच डोळे भरले. “तो मेलो आता पोलिसांका सांगतलो. सांगलान पण असतलो.”

वही जाळ म्हणाली. मी हो म्हटलं आणि तांदळाच्या डब्यामागे खुपसली. दोन वर्षांची मेहनत होती, परीक्षा महिन्यावर होती, आणि इतकं सगळं होऊनही माझा जीव त्या वहीत अडकलेला होता. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

दादाला त्या खोलीतून हलवायचं ठरलं. हिंदमात्याच्या पलीकडे दादरला मामीच्या भावाचं बिऱ्हाड होतं, तिथे न्यायचं. कसं न्यायचं तेही आईनेच काढलं. रात्री पोलीस फिरतात, तेव्हा दिवसाढवळ्या न्यायचं. लगीनसराई होती. हिंदमात्याला कापडाची दुकानं. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडे कधी दोन माणसं जात नाहीत. घरचे, शेजारचे, गावचे, सगळा गोतावळा निघतो, साडी एकीने पसंत करायची आणि बाकीच्यांनी नावं ठेवायची. अशा घोळक्यात एक दादा कोण बघतो? तीस जणांत तो दिसला नव्हता, बस्त्यातही दिसणार नव्हता. आमचं गणित साधं होतं. जिथे माणसं जास्त तिथे माणूस सुरक्षित.

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. आई, मामी, मी, गावचे पाच जण आणि दादा. दादाला धोतर, टोपी, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. नवऱ्यामुलाचा काका दिसावा तसा सजवला होता. तीन आठवडे खोलीत बसून तो पांढरा पडला होता. माझ्याकडे बघून किंचित हसला. त्याला हलवायचं कारण माझी वही आहे हे आईने त्याला सांगितलं नव्हतं.

हिंदमात्याच्या नाक्यावर दुकानांची दारं अर्धी उघडी होती. आम्ही एका दुकानाच्या पायरीशी पोचलो आणि समोरून चार पोलीस आले.

“किती जण आहात?” पुढच्याने विचारलं.

आमच्या गावचे एक म्हातारे होते, बस्त्याला मुख्य माणूस म्हणून पुढे घातलेले. त्यांना वाटलं, आपला मान विचारताहेत. छाती काढून म्हणाले, “नऊ जणां! अजून चार मागसून येतले. लग्नाचो बस्तो हा, गंमत न्हय!”

“जमावबंदी आहे, ठाऊक नाही? पाच माणसं एकत्र फिरायची नाहीत.”

आम्हाला ठाऊक होतं. सगळ्या मुंबईला ठाऊक होतं. पण जमाव म्हणजे मोर्चा, जमाव म्हणजे दगड आणि घोषणा. बस्त्याला निघालेली माणसं म्हणजे जमाव, हे आमच्या नऊ डोक्यांपैकी एकातही आलं नव्हतं. दोन-दोन करून गेलो असतो तर कुणी वळून पाहिलं नसतं. गाडी आली. बायकांना बाजूला काढलं, पुरुषांना चढवलं. दादा चढताना त्याची टोपी पडली. एका हवालदाराने त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खिशातून घडी घातलेली यादी काढली.

गाडी गेली. आम्ही तिघी त्या पायरीवर उभ्या. दुकानदार आतून विचारत होता, “ताई, शालू दाखवू?” आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो माणूस मागे सरला. मग ती मला म्हणाली, “चल घराक.” रस्ताभर मामी पदराने डोळे पुसत होती.

दुपारी घरात कुणी नसताना मी डब्यामागून वही काढली. आता ती जाळायचीच होती. काकांनीच सांगितलं, हे माझ्या मनात पक्कं होतं. पोलिसांना आम्ही रस्त्यात सापडलो, खोलीत नाही, हे दिसत असूनही पक्कं होतं. जाळण्याआधी त्या माणसाने माझ्या दादावर कुठे कुठे लाल पेन्सिल चालवली ते मला बघायचं होतं. मी ते पान उघडलं.

पहिल्या वाक्यात ‘लुकिंग’पुढे माझा ‘फॉर’ राहिला होता, तो वर लिहून घातला होता. दुसऱ्यात ‘आफ्टर’ मी शेवटी फेकलं होतं, ते उचलून जागेवर आणलं होतं. आणि ‘चिंचपोकळी’ जिथे लिहिलं होतं तिथे शब्दच नव्हता. नुसती काट मारलेली नव्हती. लाल पेन्सिलीने इतकं गिरवलं होतं, इतकं दाबून, की कागद चकाकत होता आणि एका जागी फाटायला आला होता. उजेडाला धरलं तरी अक्षर लागत नव्हतं. ‘गावची माणसं’ तशीच गिरवून वर लिहिलं होतं, ‘मित्र’. पान उलटलं तर मागच्या तीन पानांवर त्या दाबाचे वळ उठले होते.

खाली तारीख होती. मी वही दिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. माझ्या हातात वही येईपर्यंत वीस दिवस. वीस दिवस तो माणूस दादाचा ठावठिकाणा डोक्यात घेऊन राहिला, त्यात ज्या ज्या दिवशी कचेरी उघडली त्या दिवशी तिथे गेला, साहेबाला इंग्रजी करून दिलं आणि घरी आला. दादा त्या खोलीत सुखरूप होता. मी आईला सांगितलं नसतं तर तो अजूनही तिथेच असता. वाटेत, कुठल्याही ओट्यावर बसून, मला फक्त वही उघडायची होती. मी मटकन खाली बसले. रडूसुद्धा आलं नाही. संध्याकाळी आईने दिवा लावला तेव्हा मी तशीच बसले होते.

पुढच्या रविवारी गिरगावात गेले. काका त्याच टेबलाशी होते. मला बघून त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते पहिल्यांदा हसले.

“भाऊ कसा आहे तुझा?”

“पकडला.”

त्यांच्या हातातली पेन्सिल खाली ठेवली गेली. “कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून कळलं.

“कुणी नाही. आम्हीच त्याला तिथून हलवत होतो.”

“हलवत होता? का?”

मी मान खाली घातली. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना कळलं. त्यांना कळलं ते मला त्यांच्या हातांवरून कळलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून बाईंनी हाक मारली. “कोण, काळाचौकी आली का? खरं वाक्य आणलंस का गं?”

मी वही उघडली, ‘गिव्ह’चं पान काढलं, आणि त्या कोऱ्या ओळीवर उभ्या उभ्या लिहिलं. आय गेव्ह अवे माय ब्रदर. मी माझ्या भावाला उघडं पाडलं. वही काकांपुढे सरकवली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही.

“वाक्य बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण खरं नाही. या घरात चालायचं नाही. दुसरं आण.”

मी मॅट्रिक झाले. टेलिफोनवर बसले, बत्तीस वर्षं बसले. दादा काही महिन्यांनी सुटला, वाळून अर्धा झालेला, आणि मुंबईसह महाराष्ट्र मिळाला त्या दिवशी चाळीच्या अंगणात वेड्यासारखा नाचला. त्याला त्या खोलीतून का हलवलं ते त्याने कधी विचारलं नाही. आईने सांगितलं नाही, मीही नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या ओळीवर ना बरोबरची खूण आहे, ना चुकीची. बाई गेल्या, काका गेले, आणि दुसरं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.